खणाच्या पिशवीतलं वजन

ये ग पोरी, अशी जवळ बस. खुर्ची नको, इथं सतरंजीवर. कीर्तनाला बसतात तशी मांडी घाल आणि मला मध्ये अडवू नकोस. एक गोष्ट सांगायची आहे. आधी देवाचं नाव घेतो, कारण त्याशिवाय ही माझ्या तोंडातून निघायची नाही. तेरा वर्षं निघालेली नाही.

रविवार होता. दुपारचे तीन वाजायला आले होते आणि आपल्या देवळासमोर गाडीत बसून मी कमरेचा पट्टा सोडत होतो.

तेव्हाचं देऊळ तुला आठवणार नाही. हायवेला लागून फर्निचरचं एक बंद पडलेलं दुकान होतं, ते आपल्या मंडळानं घेतलं होतं. मोठा हॉल, समोर पांडुरंग, आणि यायला-जायला एकच दार. चामड्याचा पट्टा, चामड्याचं पाकीट गाडीत ठेवल्याशिवाय मी त्या दारातून कधी आत गेलो नाही. ‘चामड्याच्या वस्तू बाहेर ठेवाव्यात’ ही पाटी माझ्याच अक्षरातली. त्या दिवशी मात्र पट्ट्याला आणखी एक चामड्याची वस्तू अडकवलेली होती. पिस्तुलाचं कव्हर. आणि कव्हरात पिस्तूल.

हसू नकोस. तुझा हा ओझरकरकाका, कीर्तनात नुसती पेटी सुरू झाली तरी ज्याचे डोळे भरतात, तो पिस्तूल बाळगत होता. परवाना होता. आपल्या टेक्सासात परवाना असला की कोटाखाली, सदऱ्याखाली लपवून ते घेऊन हिंडता येतं. एखाद्या देवळाला नको असेल, तर देवळानं दारावर तशी पाटी लावायची.

त्या पाटीवरूनच आधीच्या रविवारी कार्यकारिणीत जुंपली होती. चारूताई भडकमकर म्हणाल्या, “पाटी लावा.” त्या इथल्या सरकारी शाळेत बालवर्गाला शिकवायच्या आणि रविवारी आपल्याकडे मराठीचा वर्ग घ्यायच्या.

मी म्हटलं, “चारूताई, पाटी वाचून खुनी परत जातो का?”

“नाही जात.”

“मग?”

“तुम्ही जाल, विद्याधरराव. मला खुन्याइतकीच तुमच्यासारख्या सज्जनांची धास्ती वाटते.”

सगळे हसले. अध्यक्ष मुजुमदार तर टेबलावर थाप मारून हसले. मला राग आला. मी म्हणालो, “तुमचं काय जातंय बोलायला? वेळ आली की पोलीस येईपर्यंत आपलं आपल्यालाच बघावं लागतं.”

त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, “वेळ आली, शाळेत कुणी बंदूक घेऊन शिरलं, तर काय करायचं, हे मी वर्षातून चार वेळा पाच-पाच वर्षांच्या वीस पोरांना शिकवते. दिवे घालवून, कपाटामागं बसवून. शिंक आली तर नाक दाबायचं. निदान इथं तरी त्यांना मांडी घालून मोकळं बसू द्या.”

पाटीचा ठराव एका मतानं पडला. ते मत माझं.

माझ्यापाशी कारण होतं, पोरी. माझ्या ऑफिसात डॅरेल नावाचा माणूस होता. उन्हाळ्यात घरच्या झाडाची पीचेस आणून माझ्या टेबलावर ठेवायचा. रविवारी चर्चमध्ये गायचा. आपली भजनं त्याला फोनवर ऐकवायचो, तर मान हलवत म्हणायचा, “विद्या, हा माणूस मनापासून गातोय.” त्याच्या चर्चमध्ये एक जण बंदूक घेऊन शिरला. डॅरेल गात होता. गातानाच गेला. त्यानंतर कीर्तनाला बसलो की माझा एक कान कीर्तनात आणि नजर दारावर. उशिरा येणारा प्रत्येक माणूस मी आधी हातापासून बघायचो, मग चेहऱ्यापर्यंत जायचो. दोन महिन्यांत परवाना काढला. तुझ्या मृदुलाकाकूलाही सांगितलं नाही.

तर गाडीत बसलोय. कव्हर चामड्याचं, ते देवासमोर नेता येत नाही. पिस्तूल गाडीत ठेवावं, तर मग ते घेतलं कशाला? आणि त्या दिवशी मिरजेहून वेणूताई आलेल्या. सत्तरीतल्या कीर्तनकार, त्यांचं कीर्तन म्हणजे आख्खं मंडळ, दोनशे माणसं. मी कव्हर काढून सीटखाली सारलं, पिस्तूल रुमालात गुंडाळलं आणि टाळांच्या पिशवीत घातलं.

टाळांची सेवा माझ्याकडे होती. तीसेक जोड होते, प्रत्येकाला तुझ्या काकूनं खणाची पिशवी शिवलेली, तोंडाला नाडी. सगळ्या सारख्या. पितळी टाळांचा जोड हातात घेतला तर जेवढा जड लागतो, तेवढंच ते पिस्तूल जड होतं. मला माझ्या हुशारीचं कौतुक वाटलं. टाळकऱ्याच्या हातात टाळांची पिशवी, कोण विचारणार?

आत गेलो. टाळांची टोपली खिडकीखाली होती. माझी पिशवी मी खिडकीच्या कठड्यावर ठेवली, टोपलीपासून वेगळी. तेवढ्यात व्यासपीठावरून हाक आली, “ओझरकर, पेटीचा माइक बघा हो, नुसती घुर्रघुर्र करतोय.” गेलो. वायर सैल होती. दोन मिनिटं लागली असतील, फार तर तीन.

परत आलो तर कठडा रिकामा. टोपलीही रिकामी.

मुजुमदार हात झटकत उभे. “तुमचं काम करून टाकलं, काका! सगळ्यांना टाळ वाटून झाले. एक कमी पडत होता, तो खिडकीत सापडला.”

“कुणाला दिलात?”

“कोणता?”

“खिडकीतला.”

“आता कसं सांगू? पोरं घेऊन गेली, पुढं पुढं पास केले. का हो, तुमचा खास होता?” आणि मला खांद्याला धरून त्यांनी बसवलंच, कारण वेणूताईंनी झांज वाजवून नमन सुरू केलं होतं.

आता नीट ऐक. आपल्याकडे रीत अशी की पूर्वरंग संपेपर्यंत टाळांच्या पिशव्या सोडायच्या नाहीत. मध्येच टाळ किणकिणले की निरूपणात खंड पडतो, म्हणून हा नियमही मीच केलेला. कीर्तनकारांनी दोन्ही हात वर केले की सगळ्यांनी नाड्या सोडायच्या आणि गजर. पूर्वरंग साधारण चाळीस मिनिटांचा. म्हणजे माझ्यापाशी चाळीस मिनिटं होती. तीस मांड्यांवर तीस पिशव्या, आणि त्यांतल्या एकीत गोळ्या भरलेलं पिस्तूल. शिकवणाऱ्यानं सांगितलं होतं, रिकामं पिस्तूल म्हणजे दगड, भरलेलंच ठेव. मी भरलेलंच ठेवलं होतं.

उभं राहून सांगावं, असं वाटलं. उठलोसुद्धा अर्धवट. आणि मग डोळ्यांसमोर आलं: हॉलमध्ये ‘पिस्तूल’ असा शब्द उच्चारला, की दोनशे माणसं त्या एका दाराकडे धावणार. पुढं पोरं बसलेली. डॅरेलला जाऊन तीन महिनेही झाले नव्हते, सगळ्यांच्याच मनात तेच होतं. मी पुन्हा खाली बसलो. मग रांगत निघालो.

पुरुषांच्या बाजूनं सुरुवात केली. “टाळ जुळत नाहीत, बघू जरा,” असं म्हणत प्रत्येकाची पिशवी बाहेरून चाचपायची. दोन वाट्या हाताला लागल्या की पुढं. तात्या देवस्थळी भिंतीला टेकून बसले होते, त्यांनी पिशवी घट्ट धरली.

“काय चाललंय, ओझरकर?”

“तपासतोय.”

“टाळ तपासताय की हापूस? दाबून काय बघताय, पिकलाय का ते?”

आजूबाजूचे फिसफिसले. मी हसण्यासारखं काहीतरी केलं. तात्यांचे टाळच होते.

वेणूताई व्यासपीठावरून बघत होत्या. त्यांनी निरूपण न थांबवता, त्याच चालीत मला ओढलं: “टाळकरी महाराज, बसून घ्या. देव कंबरेवर हात ठेवून उभाच आहे, तो काही कुठं निघून जात नाही!” हॉल खळखळून हसला. मी मान खाली घालून पुढच्या पिशवीकडे सरकलो.

पुरुषांच्या बाजूला पिशवी नव्हती.

बायकांची बाजू राहिली, आणि पुढची पोरं. पोरांकडे आधी गेलो. कुणी पिशवी डोक्यावर ठेवून तोल सांभाळत होतं, कुणी नाडी दातात धरून चावत होतं. एकेकाच्या हातातून पिशवी घेऊन चाचपताना एका पोरानं विचारलं, “काका, तुम्हाला थंडी वाजते?” पोरांकडेही नव्हती.

बायकांच्या बाजूला मी असा घुसलो की तुझी काकू लाजेनं लाल झाली. तिनं माझा सदरा धरून खाली ओढलं.

“काय हरवलंय तुमचं?”

“काही नाही.”

“मग असे पांढरेफटक का पडलात? छातीत दुखतंय का?”

“नाही. तुझी पिशवी दाखव.”

“माझी? अहो, वेड लागलंय का तुम्हाला? सगळे बघताहेत!”

तिची पिशवी ठीक होती. शेजारच्या दोघींच्या ठीक होत्या. मागे भिंतीपाशी चारूताई बसल्या होत्या, पाठ ताठ, दोन्ही हात मांडीवर.

“तुमचे टाळ बघू.”

“माझे ठीक आहेत, विद्याधरराव.” माझ्याकडे न बघताच म्हणाल्या. “पुढं बघा.”

पुढं बघितलं. पुन्हा मागं आलो. त्यांच्यासमोरून चार-पाच वेळा तरी गेलो असेन. आणि मग वेणूताईंचा आवाज चढला, पेटी चढली, तबला दुगुनीत गेला, आणि मला कळलं की पूर्वरंग संपला. त्यांनी दोन्ही हात वर केले.

नाड्या सुटल्या.

मी जिथं होतो तिथंच, बायकांच्या मधोमध, गुडघ्यांवर बसलो आणि डोळे मिटले. आयुष्यभर ज्या क्षणासाठी मी कीर्तनाला गेलो, तो हा क्षण. शंभर घशांतून एकदम नाव उठतं आणि टाळ त्याच्यावर पडतात. त्या दिवशी मी प्रत्येक टाळ वेगळा ऐकत होतो. हा टाळ. हाही टाळ. देवा, हाही टाळच असू दे. एका आवाजाची वाट बघत होतो, आणि तो येईना. गजर वाढत गेला. लोक उभे राहिले, नाचायला लागले. तो आवाज आलाच नाही.

डोळे उघडले तेव्हा सगळ्या हॉलमध्ये एकच बाई खाली बसलेली होती. चारूताई. त्यांच्या हातात टाळ नव्हते. त्या नुसत्या टाळ्या वाजवत होत्या, कंबरेपासून खाली दगडासारख्या. कपाळावरचं कुंकू घामानं नाकापर्यंत आलं होतं. त्यांनी हनुवटीनं मला जवळ बोलावलं.

मी त्यांच्यासमोर जाऊन बसलो. गजर एवढा होता की कुणाला काही ऐकू जाणं शक्य नव्हतं.

“माझ्या मांडीखाली आहे,” त्या म्हणाल्या. “हिसकू नका. मी हळूच उचलते, तुम्ही हळूच ओढा. तोंड भिंतीकडे आहे.”

“तुम्हाला कधी कळलं?”

“सुरुवातीलाच. माझ्या पुढ्यात एक मुलगी बसली होती, तिच्याकडे आली होती. ती म्हणाली, ‘टीचर, माझ्या टाळाला शेपटी आहे.’ तिनं नाडी अर्धी सोडलीसुद्धा होती. मी म्हटलं, माझी पिशवी जास्त छान आहे, बदलतेस का? बदलली. आणि पुढं जाऊन बस म्हटलं, देव जवळून दिसतो.”

“मग सांगितलं का नाहीत कुणाला?”

“काय सांगू? ओरडून?” टाळ्या वाजवणं त्यांनी थांबवलं नव्हतं. “दार एक. आणि लपवून आणणारा एक निघाला, म्हणजे दुसरा नसेल कशावरून? मी ओरडले असते आणि त्या दुसऱ्यानं आपलं बाहेर काढलं असतं, तर त्यानं कुणाकडे रोखलं असतं? जिच्या हातात पिशवी, तिच्याकडे. तेव्हा ती त्या मुलीच्याच हातात होती.”

“मग मला का नाही दिलीत? मी तर शोधतच होतो. दिसत होतं तुम्हाला.”

त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं.

“दिसत होतं. जो शोधत येईल तो मालक, एवढं मला ठाऊक होतं. तुम्ही उठलात तेव्हा आधी बरं वाटलं, की निदान परका नाही. मग तुमचा चेहरा बघितला, विद्याधरराव. तुमच्या हातात मी ते त्या वेळी दिलं नसतं. पांडुरंगानं सांगितलं असतं तरी दिलं नसतं. या हॉलमध्ये मला भीती वाटावी असा माणूस एकच होता.”

त्यांनी गुडघा किंचित उचलला, मी पिशवी ओढून उपरण्याखाली घेतली. गजराच्या गर्दीतून, देवाकडे पाठ होऊ न देता, मागं मागं चालत दारापर्यंत गेलो. गाडीत जाऊन गोळ्या काढल्या. दोनदा खाली सांडल्या. मग आत जायचा धीर होईना. उत्तररंग सगळा गाडीत बसून गेला. भिंतीपलीकडून पेटीचा सूर तेवढा यायचा. वेणूताईंनी त्या दिवशी कुठलं आख्यान लावलं होतं, हे मला आजही सांगता येत नाही. एवढी कीर्तनं ऐकली, प्रत्येकाचं आख्यान सांगेन. ते एक नाही.

कीर्तन संपल्यावर चारूताई लंगडत गाडीपाशी आल्या. पाय बधीर झाला होता. काच खाली करायला सांगितली.

“मंडळाला सांगायचं की नाही, ते तुमचं तुम्ही बघा. मी कुणाला सांगणार नाही,” त्या म्हणाल्या. “पण त्या मुलीला आणि तिच्या आईला सांगा. तो त्यांचा हक्क आहे. आणि ते तुमच्या तोंडूनच व्हायला हवं.”

“कुणाची मुलगी?”

“राजोपाध्यांची. सहा वर्षांची. दोन वेण्या.”

हो. तूच ती, अन्विता.

रडू नकोस. अजून माझी लाज सांगून व्हायची आहे.

घरी जाताना गाडीतच मृदुलाला सांगितलं. ती गुरुवारपर्यंत माझ्याशी बोलली नाही. गुरुवारी एवढंच म्हणाली, “पिशव्या मी शिवल्या होत्या.” दुसऱ्याच दिवशी पिस्तूल पोलिसांत जमा करून टाकलं. पुढच्या रविवारी कार्यकारिणीत चारूताईंनी पाटीचा ठराव पुन्हा मांडला. कारण सांगितलं नाही, माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. मी हात वर केला, ठराव मंजूर झाला. मुजुमदारांनी माझी पाठ थोपटली. “मत बदलायलाही मोठं मन लागतं, काका.” आणि मी ती पाठ थोपटून घेतली.

तुमच्या घरी दोनदा आलो. एकदा डिंकाचे लाडू घेऊन. तुझ्या आईनं चहा केला, तू मला बाराखडी म्हणून दाखवलीस. चहा पिऊन परत आलो. पुढं दरवर्षी कीर्तनाच्या दिवशी चारूताई विचारायच्या, “सांगितलंत?” मी म्हणायचो, “या महिन्यात नक्की.” सहा-सात वर्षांनी त्यांनी विचारणं सोडलं. माझ्याशी तशाच प्रेमानं वागत राहिल्या, हे जास्त जड गेलं.

त्यांच्या शोकसभेत मी बोलायला उभा राहिलो आणि देवाचं नाव घेऊन खाली बसलो, ते तू बघितलंस. लोकांना वाटलं, म्हाताऱ्याला भरून आलं. कुणी त्यांच्या रांगोळ्यांबद्दल बोललं, कुणी पुरणपोळ्यांबद्दल, तू मराठीच्या वर्गाबद्दल बोललीस. सगळं खरं. पण त्या चाळीस मिनिटांबद्दल कुणाला काय माहीत असणार? त्यांनी दिलेला शब्द मरेपर्यंत पाळला. न पाळणारा मी.

भीती खोटी होती, असं मी म्हणणार नाही. डॅरेल खराच गेला. आजही कीर्तनाला बसलो की नजर दाराकडे जाते. तू मोठी झालीस, या बाबतीत तुझं मत तू ठरव. मी तुला शिकवायला बसलेलो नाही. तुझी आई कामावरून आली की आज मीच तिच्याकडे जाणार आहे. ती काय बोलेल, ते ऐकून घेणार आहे.

तुझ्याकडे एकच मागणं आहे. मला माफ कर असं नाही, ते तू सावकाश ठरव. यापुढे देवापुढं हात जोडशील, तेव्हा आपल्या माणसांच्या नावांबरोबर चारुशीला भडकमकर हेही नाव घेत जा. नात्यातली नव्हे, गोत्यातली नव्हे. तुझ्या मांडीवर आलेलं आपल्या मांडीखाली घेऊन ती बाई टाळ्या वाजवत बसली होती, आणि तू पुढं देवासमोर नाचत होतीस.